वाटाण्याच्या वेलाचे चित्र

नाशिकपासून जवळच, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, त्र्यंबकेश्वर हे क्षेत्र वसले आहे. गोदावरीचा उगम येथलाच. या गावी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. पुढे साऱ्या देशाने ज्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखले, ते हेच. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. अशा घरातील मुलाने पोथी हाती घ्यावी व शास्त्री व्हावे, ही त्या काळची रीत. परंतु धुंडिराजाचा ओढा रंग, नकला आणि नाटके यांकडे होता. पुढे दाजीशास्त्र्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले व कुटुंब मुंबईस आले. तेथे १८८५ साली धुंडिराजाने सर जे. जे. कलाशाळेत नाव घातले.

मुंबईहून ते वडीलबंधूंबरोबर बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कलाभवन नावाची एक नामांकित संस्था नुकतीच निघाली होती. तेथे चित्रकलेबरोबर हातचे उद्योगही शिकवीत. संस्थेचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी या होतकरू विद्यार्थ्याला छायाचित्रणाची खोली मोकळी करून दिली. काचेवर प्रतिमा कशी उमटते, ती कोणत्या रसायनात किती वेळ ठेवावी, कागदावर कशी उतरवावी, हे सर्व त्यांनी तेथे स्वतःच्या हातांनी केले. १८९२ साली अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाटकगृहाची एक प्रतिकृती मांडली व तिला सुवर्णपदक मिळाले.

यानंतरची वीस वर्षे एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाण्यात गेली. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचे दुकान थाटले. पण १९०० च्या सुमारास प्लेगने त्यांची पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. जादूचे प्रयोग करणाऱ्या एका जर्मन गृहस्थाकडून त्यांनी ती विद्याही शिकून घेतली आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग केले. हे नाव शेवटच्या अक्षरापासून उलटे वाचले, म्हणजे ते कोठून आले हे ध्यानात येते! १९०२ साली त्यांचा सरस्वतीबाईंशी विवाह झाला. पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांनी काही वर्षे नोकरी केली. वंगभंगाच्या चळवळीने देशात स्वदेशीचे वारे वाहू लागताच ती सोडली व लोणावळ्यास ठसे तयार करण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला. पुढे तो दादरला आणला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीसही जाऊन आले. कारखाना नावारूपास आला. पण भागीदारांशी पटेना, तेव्हा आपणच उभारलेल्या त्या कारखान्यातून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वय चाळिशीच्या पुढे गेलेले, घरात लहान मुले आणि हाती उद्योग नाही, अशी त्यांची स्थिती होती.

याच सुमारास, १९११ साली, मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक परदेशी मूकपट त्यांच्या पाहण्यात आला. पडद्यावरची चित्रे चालत होती, हात हलवीत होती. प्रेक्षकांना त्यात ख्रिस्त दिसत होता. फाळक्यांच्या डोळ्यांसमोर मात्र राम आणि कृष्ण येऊ लागले. आपल्या पुराणांतील कथा अशा पडद्यावर का येऊ नयेत? त्या आपल्याच लोकांनी, आपल्याच हातांनी का तयार करू नयेत? या विचाराने त्यांना पुरते पछाडले. ते पुन्हा तेथे गेले. या वेळी त्यांनी सरस्वतीबाईंना बरोबर नेले. खेळ संपल्यावर ज्या यंत्रातून चित्रे पडद्यावर पडतात ते यंत्र त्यांना दाखविले, व आपणही असेच करणार आहोत, असे सांगितले.

तेव्हा त्यांच्यापाशी साहित्य असे काहीच नव्हते. त्यांनी खेळातले एक छोटे यंत्र, काही भिंगे व थोड्या फिल्मा मिळविल्या आणि घरच्या भिंतीवर मेणबत्तीच्या उजेडात चित्रे पाडून पाहिली. परदेशांतून पुस्तके व किमतींच्या याद्या मागविल्या. गावात लागेल तो चित्रपट पाहावा, घरी येऊन रात्र रात्र प्रयोग करावेत व पहाटे तासदोन तास डोळा लागला तर लागला, असा क्रम कित्येक महिने चालला. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. डोळे सुजले, आणि पुढे तर दिसेनासे झाले. ज्याने आयुष्यभर डोळ्यांवरच पोट भरले त्याच्यावर हा प्रसंग यावा, याहून वाईट ते काय! एका नेत्रवैद्यांनी त्यांच्यावर मनापासून उपचार केले, निरनिराळे चष्मे देऊन पाहिले. हळूहळू दृष्टी परत आली. बरे वाटताच फाळके पुन्हा त्याच कामाला लागले. हे धाडस की अविचार, असा प्रश्न त्यांच्या स्नेह्यांना पडला असल्यास नवल नाही.

आता विलायतेस जाऊन ही कला प्रत्यक्ष पाहणे आवश्यक होते. पैसा कोठून आणावा? आयुष्याच्या विम्याची कागदपत्रे तेवढी शिल्लक होती. ती गहाण ठेवून त्यांनी सुमारे १०,००० रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनकडे निघाले. तेथे त्यांच्या ओळखीचे कोणीही नव्हते. मात्र ‘बायोस्कोप’ नावाच्या ज्या साप्ताहिकाची वर्गणी ते मुंबईत भरीत असत, त्याच्या कचेरीची पाटी त्यांच्या दृष्टीस पडली. ते सरळ आत गेले. संपादकांनी प्रथम त्यांना या धंद्यात न पडण्याचाच सल्ला दिला. हिंदुस्थानच्या हवेत हे काम साधणार नाही, असे त्यांचे मत होते. पण समोरचा मनुष्य मागे हटणारा नाही हे पाहून त्यांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या प्रसिद्ध निर्मात्याकडे पाठविले. लंडनजवळ वॉल्टन येथे हेपवर्थ यांचे चित्रपटगृह होते. म्हणजे चित्रपट दाखविण्याचे नव्हे, तयार करण्याचे. त्यांनी फाळक्यांना सर्व विभाग मोकळेपणाने पाहू दिले. बेचाळिशीला टेकलेला हा विद्यार्थी तेथे जेवढे शिकता येईल तेवढे शिकला. नंतर त्यांनी विल्यमसन जातीचा एक कॅमेरा ५० पौंडांस खरेदी केला, कोडॅकची कच्ची फिल्म व तिला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदविली आणि १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईस परतले. खिशातले पैसे संपले होते.

मे महिन्यात यंत्रे येऊन पोहोचली. पेट्या उघडून, बरोबर आलेल्या आकृत्यांवरून, फाळक्यांनी कॅमेरा चार तासांत जोडला. पण यंत्र जोडले म्हणजे चित्र निघाले, असे नव्हते. कच्ची फिल्म येई ती कोऱ्या फितीसारखी. तिच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर भोके पाडावी लागत, कारण कॅमेऱ्यातील दाते त्या भोकांत अडकून फिल्म पुढे ओढीत. प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंस चार चार भोके, आणि एका फुटात सोळा चित्रे. म्हणजे एका फुटाला १२८ भोके झाली! एकही भोक तिरके पडले तर पडद्यावरचे चित्र नाचू लागे. शिवाय हे काम अंधारात करावयाचे, कारण फिल्मला जरासा उजेड लागला की ती वाया गेली. हे काम सरस्वतीबाईंनी अंगावर घेतले. दिवसभराचा संसार आवरून त्या रात्री अंधाऱ्या खोलीत बसत व बोटांच्या स्पर्शाने फिल्म सरकवीत भोके पाडीत. रसायने मिसळणे, फिल्म धुणे हेही त्या शिकल्या. हिंदुस्थानात चित्रपटाच्या यंत्रावर काम करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांचे नाव घ्यावे लागते, आणि ते पुष्कळदा घ्यावयाचे राहून जाते.

प्रथम फाळक्यांनी आसपासच्या मुलामुलींची थोडी चित्रे घेतली. तिपाईवर कॅमेरा ठेवावा, एका हाताने मूठ फिरवावी आणि मुलांनी धावावे. फिल्म धुतली, छापली, भिंतीवर पाडली. मुले हलताना दिसली. यंत्र चालते, फिल्म उजेड धरते, रसायने मुंबईच्या उकाड्यातही काम देतात, एवढे या परीक्षेने सिद्ध झाले.

पण तेवढ्याने सावकाराचे समाधान व्हावयाचे नव्हते. मोठा चित्रपट करावयाचा तर पात्रे, कपडे, पडदे, प्रवास आणि हजारो फूट फिल्म, एवढे सगळे हवे. आणि ज्याने एकही चित्रपट केलेला नाही, ज्याचा आधीचा कारखाना हातचा गेलेला आहे, ज्याचा विमाही गहाण पडलेला आहे, त्याला पैसा कोण देणार? धावणाऱ्या मुलांची चित्रे तर परदेशी खेळांत रोज दिसत. ज्याच्यापुढे शंकेचे तोंड बंद होईल असे काही तरी दाखविणे भाग होते. तेही जवळजवळ फुकटात व्हावयास हवे होते.

फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा तिच्यासमोर रोवला.

वेल वाढताना कोणी पाहिला आहे? काल तो वीतभर होता, आज दीड वीत आहे, एवढेच आपल्याला कळते. वाढ होत असते, पण ती इतकी सावकाश की डोळ्यांना तिचा पत्ता लागत नाही. फाळक्यांना हीच न दिसणारी वाढ दाखवावयाची होती. युक्ती अशी होती. नेहमीप्रमाणे मूठ भराभर न फिरविता, ठरावीक काळाने एक एक चित्र घ्यावयाचे व मध्ये थांबावयाचे. अशी महिनाभर घेतलेली चित्रे नेहमीच्या वेगाने पडद्यावर टाकली, म्हणजे महिन्याची वाढ मिनिटभरात डोळ्यांसमोर घडते.

रोज एकच चित्र घेतले, असे या प्रयोगाविषयी पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. थोडा हिशेब केला तर ते जुळत नाही. त्या काळी पडद्यावरून सेकंदाला साधारण सोळा चित्रे जात. तीस दिवसांची तीस चित्रे दोन सेकंदांतच संपली असती. वाटाणा उगवला केव्हा आणि वाढला केव्हा, हे कोणालाच कळले नसते. मिनिटभराच्या खेळाला सुमारे ९६० चित्रे लागतात. म्हणजे दिवसाकाठी तीस-बत्तीस वेळा तरी कॅमेऱ्यापाशी यावे लागले असले पाहिजे. महिनाभर हे व्रत चालले.

हे काम दिसते त्याहून अवघड आहे. त्यात कॅमेरा केसभरही जागचा हलून चालत नाही. कुंडीला कोणाचा धक्का लागता कामा नये. उजेड आज फार व उद्या कमी झाला तर पडद्यावर चित्र लुकलुकते. चित्र घ्यावयाची वेळ चुकली तर वेल थांबून राहत नाही. त्या घटकेची वाढ निघून गेली ती गेलीच. नट चुकला तर त्याला पुन्हा उभे करता येते, वाटाण्याला पुन्हा बी हो असे सांगता येत नाही. आणि सर्वांत मोठी चिंता पुढेच होती. फिल्म धुतल्यावाचून आत काय उमटले आहे ते पाहता येत नाही. महिनाभराचे श्रम एका घटकेच्या धुण्यावर अवलंबून होते. रसायन थोडे तीव्र झाले किंवा फिल्म थोडी अधिक वेळ बुडाली, तर सगळाच खेळ आटोपला असता.

फिल्म नीट निघाली. माती फोडून वाकलेला कोंब वर येतो, मान सरळ करतो, पाने उलगडतात, आधार शोधणारे बारीक तंतू हवेत चाचपडतात आणि बघता बघता वेल वर चढतो, असे ते सुमारे मिनिटभराचे चित्र होते. त्याला त्यांनी ‘अंकुराची वाढ’ असे नाव दिले. रस्त्यावरचा जादूगार टोपलीखाली आंब्याची कोय झाकून घटकाभरात तिचे झाड करून दाखवितो, हे सर्वांनी पाहिलेले असते. फाळके तर स्वतः जादूचे प्रयोग केलेले. पण जादूगाराच्या आंब्यात हातचलाखी असते. या वेलात ती नव्हती. जे खरोखर घडले तेच पडद्यावर घडत होते, फक्त मधला काळ गाळलेला होता.

हे चित्र त्यांनी काही निवडक लोकांना बोलावून दाखविले. पाहणाऱ्यांत छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी होते. त्यांच्यासारख्या जाणकाराला त्या मिनिटभरात जे दिसावयाचे ते दिसले: हा मनुष्य भोके पाडणे, चित्र घेणे, धुणे, छापणे व पडद्यावर टाकणे ही सर्व कामे स्वतः करू शकतो, आणि महिनाभर एका कुंडीपुढे धीराने बसू शकतो. नाडकर्णी व आणखी काही जण कर्ज देण्यास तयार झाले. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही काढून दिले.

मग दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे काम सुरू झाले. मथुराभवन नावाच्या बंगल्याच्या आवारात देखावे उभे राहिले. दत्तात्रय दाबके हे राजा झाले. तारामतीच्या कामाला कोणीही स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना साडी नेसवून उभे करावे लागले. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. त्र्यंबक तेलंग यांना फाळक्यांनी कॅमेरा चालविण्यास शिकविले. मंडळी साठसत्तर जमत, व त्या सर्वांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे असे. दुपारी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे आणि रात्री पुन्हा अंधाऱ्या खोलीत भोके पाडीत बसणे, हेही त्यांचेच काम. चित्रपट ३,७०० फूट लांबीचा होता. वर सांगितलेल्या हिशेबाने त्याची भोके पावणेपाच लाखांच्या घरात जातात. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत तो पुरा झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांपुढे आला आणि हिंदी माणसाने काढलेला पहिला पूर्ण कथाचित्रपट म्हणून त्याची नोंद झाली.

त्याच वर्षी फाळके नाशिकला राहावयास गेले व तेथून एकामागून एक मूकपट निघू लागले. ‘लंकादहन’ १९१७ साली आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. ‘कालियामर्दन’ या १९१९ च्या चित्रपटात त्यांची मुलगी मंदाकिनी ही बाळकृष्ण झाली. चित्रपट कसे तयार होतात हे लोकांना कळावे म्हणून त्यांनी त्यावरही एक छोटा चित्रपट काढला. पैसा आला तसा गेलाही. नवी कंपनी, नवे भागीदार, पुन्हा मतभेद, हा अनुभव त्यांना येथेही चुकला नाही. पुढे चित्रे बोलू लागली, तसे मूकपटांचे दिवस संपले. कोल्हापूर येथे १९३७ साली ‘गंगावतरण’ हा एक बोलपट त्यांनी केला, तोच त्यांचा शेवटचा चित्रपट. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले.

भारत सरकारने १९६९ सालापासून त्यांच्या नावाने चित्रपट क्षेत्रातील एक मोठा पुरस्कार सुरू केला. दादरच्या ज्या रस्त्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे चित्रण झाले, त्या रस्त्यास आज दादासाहेब फाळके यांचे नाव आहे.